तीन जांभळं एका ओळीत

साठी उलटली की माणसाला काय जडेल याचा नेम नाही. कोणाला गुडघे जडतात, कोणाला साखर, कोणाला एकाएकी भजनाचा नाद लागतो. तळेगावच्या बाजार रस्त्यावर स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या मोतीलालजींना जांभळं जडली. झाडावरची जडली असती तर निदान साखरेला गुण आला असता. ही मोबाईलमधली होती.

एका चौकटीत रंगीत फळं मांडलेली असायची. जांभळं, पेरू, संत्री, सीताफळं. बोटानं एखादं फळ शेजारच्या घरात सरकवायचं आणि तीन सारखी एका ओळीत आणायची. आली की ती फुटायची, 'फुस्स' असा आवाज करून नाहीशी व्हायची आणि वरून नवीन फळं गळायची. मग पुन्हा तीन शोधायची. पुन्हा फुस्स. सुलोचनाबाईंनी पहिल्या दिवशी नवऱ्याला भाबडेपणानं विचारलं होतं, "अन् मंग काय होते?"

"मंग पुढची लेवल लागते," मोतीलालजी मान वर न करता म्हणाले.

"अन् त्याच्यानंतर?"

"त्याच्या पुढची."

"शेवटी काय भेटते पण?"

"शेवटच नसते त्याले," ते म्हणाले, आणि हे त्यांनी असं कौतुकानं सांगितलं की जणू गंगेचं वर्णन चाललंय.

सुलोचनाबाईंना त्याच क्षणी त्या खेळाची किळस आली. फुटलेल्या जांभळांचं पुढे काहीच होत नव्हतं. ना कोणी खात होतं, ना विकत होतं, ना बी मातीत पडत होतं. दिवसभर माणूस फळं फोडतो आणि संध्याकाळी त्याच्या हाताला साधा डागसुद्धा नाही, असला उद्योग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. लहान पोरं मातीचे लाडू करतात, तेही शेवटी घरातल्या बायकांना खोटं खोटं खायला घालतात. ह्या खेळात तेवढीही माणुसकी नव्हती.

दुकानात तर शोभाच झाली होती. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बाया येत. कोणाला वरण शिजवायला गंज, म्हणजे पातेलं, हवा, कोणाला भाचीच्या लग्नात द्यायला डबा हवा. मोतीलालजी गल्ल्यावर बसून मान खाली घालून बोट फिरवत. बाई विचारी, "भाऊ, याच्याहून मोठा गंज हाये काय?" ते म्हणत, "वरच्या फळीवर पाह्यजा." वरच्या फळीवर परातीच होत्या. बाई बिचारी पाय उंच करून परातींकडे पाही आणि समोरच्या दुकानात निघून जाई. तसं पाहिलं तर गिऱ्हाइकाला 'हा घ्या, चांगला आहे' असं ठाम सांगण्याची मोतीलालजींना आधीही सवय नव्हतीच. "पाहा बाप्पा, तुमची मर्जी," हे त्यांचं दुकानातलं वाक्य होतं आणि घरातलंही तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते वर सांगत. सुलोचनाबाईंनी संसारात ती मूठ बऱ्याचदा उघडून पाहिली होती. आत काही नसायचं.

त्यात भर म्हणून तो खेळ बोलायचा. चार फळं एकदम फुटली की आतून एक बाई लाडानं म्हणायची, 'वंडरफुल!' पाच फुटली की 'फँटॅस्टिक!' आणि मोतीलालजींच्या चेहऱ्यावर असं हसू यायचं, जे मुलगी, प्रेरणा, बी. फार्म. झाली तेव्हाही आलं नव्हतं. एवढी वर्षं ह्या माणसाला जगात कोणी वंडरफुल म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं असं त्यानं काही केलंही नव्हतं. आता एक बाई मिळाली होती जी बोट हलवलं तरी वाखाणत होती. सुलोचनाबाईंना राग यायचा तो याचा. इतक्या वर्षांच्या गरम पोळ्या या माणसाच्या ताटात पडल्या. एकदा तरी याच्या तोंडून वंडरफुल निघालं होतं काय?

शेजारच्या विमलाबाईंकडे त्यांनी मन मोकळं करायला जावं, तर विमलाबाईंच्या मांडीवरही मोबाईल होता आणि त्यातही रंगीबेरंगी काहीतरी फुटत होतं.

"अवो, भलता चांगला हाये तो," विमलाबाई म्हणाल्या. "डोकं कसं शांत राह्यते. मी तर भाजी निवडता निवडता खेळतो."

"डोकं शांत करायले आधी डोक्यात काई असा लागते," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि चहा न पिता परत आल्या. गावच्या गाव फळं फोडत बसलं होतं. पोस्टाच्या खिडकीत, एसटीच्या थांब्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे पाहावं तिथे खाली घातलेल्या माना आणि फिरणारी बोटं. परमेश्वरानं माणसाला बोट दिलं ते कोणाचे तरी डोळे पुसायला, नाहीतर कोणाकडे तरी रोखायला. फळं सरकवायला दिलं असेल असं त्यांना काही केल्या पटेना.

आणि घरात तर बोट रोखायची वेळ आली होती.

त्यांची एकुलती एक मुलगी, प्रेरणा, पोळ्याच्या चार दिवस आधी एक बॅग घेऊन हिंगणघाटहून माहेरी आली होती ती परत गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, तेव्हा सासऱ्यांनी, गोवर्धनजींनी, भर मांडवात सांगितलं होतं की सून शिकलेली आहे, आमच्या मेडिकल स्टोअरमध्ये मालकिणीसारखी बसेल. दुकान उघडलं. परवाना तिच्या नावावर निघाला. तिचं प्रमाणपत्र चौकटीत घालून काउंटरमागच्या भिंतीवर लटकलं आणि ती स्वतः मात्र स्वयंपाकघरात राहिली. काउंटरवर थोरला दीर बसू लागला, ज्याला गोळीचं नाव वाचता येत होतं पण ती कशासाठी आहे ते सांगता येत नव्हतं. भिंतीवर टांगलेली सून सगळ्यांना सोयीची होती. ती बोलत नव्हती.

मग एक दिवस डबा द्यायला म्हणून प्रेरणा दुकानात गेली, आणि दीर एका बाईला लेकरासाठी तारीख उलटलेलं औषध देत होता. प्रेरणानं ती बाटली बाईच्या हातातून काढून घेतली. दिरानं गिऱ्हाइकांसमोर तिच्या कानाखाली मारली. तिचा नवरा नितेश तिथेच उभा होता. तो म्हणाला, "तुले काय गरज होती मधात बोलायची?" प्रेरणा त्याच संध्याकाळी बॅग भरून निघाली.

घरी आल्यापासून तिनं बापाला एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, मी तिथी वापस जाणार नाई. तुमी त्याईले तेवढं एकदा सांगून द्या."

कारण सांगायचं ते बापानंच, अशी त्यांच्या समाजाची रीत होती. मुलीच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती, आईच्या शब्दाला तर त्याहूनही नाही. बाप म्हणाला 'पाठवतो' की पाठवायची. बाप म्हणाला 'नाही' की बैठक उठायची आणि त्यापुढे कोणी एक अक्षर काढायचं नाही. रीत जुनाट होती, पण ह्या वेळी तीच प्रेरणाच्या कामाची होती. बापाच्या तोंडून एक 'नाही' निघालं की ती सुटत होती.

"पाहू," मोतीलालजी म्हणाले होते. चार दिवसांनी पोळा झाला, आणि त्यांच्या हातात ती जांभळं आली.

"बाबा, सांगसान ना?" प्रेरणा रोज विचारी.

"हव, हव. पाहू. थांब, हे एवढं होऊन जाऊ दे." आणि बोट फिरत राही. 'वंडरफुल!'

घरात जेमतेम तीन माणसं होती. ती तीन एका ओळीत आणायची म्हटलं तर ह्या पठ्ठ्याला जमत नव्हतं, आणि जांभळं मात्र तासाला शेकड्यानं जमत होती.

सुलोचनाबाई काही नुसत्या शिव्या देऊन गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एवढं आहे तरी काय त्यात, हे एकदा पाहावं म्हणून एका दुपारी, मोतीलालजी जेवून घोरत पडले असताना, त्यांनी त्यांच्या उशाशी पडलेला मोबाईल उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. चुलीवर, म्हणजे गॅसवर, तुरीचं वरण उकळत होतं. त्यांनी पाटावर बसून चष्मा लावला आणि एक पेरू सरकवला.

फुस्स. तीन पेरू गेले. वरून दोन संत्री आणि एक सीताफळ पडलं. संत्र्याच्या शेजारी आणखी दोन संत्री होतीच, ती आपोआप फुटली. बाई म्हणाली, 'वंडरफुल!'

सुलोचनाबाईंना लाजेनं मेल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोला, छातीत काहीतरी हलकंही झालं. काही म्हणता काही न करता सगळं जागच्या जागी बसलं होतं. त्यांनी आणखी एक फळ सरकवलं. मग आणखी एक. ह्या चौकटीत सगळं सुटणारं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. इथे कोणी कोणाची सासू नव्हती. कोणी तोंड फिरवत नव्हतं, कोणी टोमणा मारत नव्हतं. चुकलं तर चूक पुसली जायची आणि डाव नव्यानं मांडून मिळायचा. कोपऱ्यातली ती तीन जांभळं आता जुळणारच होती, फक्त मधला पेरू काढायचा होता...

करपल्याचा वास आला तेव्हा वरणाचा तळ काळा झाला होता.

त्यांनी गॅस बंद केला आणि गंज सिंकमध्ये आदळला. वरण करपल्याचं दुःख त्यांना नव्हतं. दुःख हे होतं की एवढ्या वेळात प्रेरणा त्यांच्या मनात एकदाही आली नव्हती. दिवसरात्र काट्यासारखी सलणारी पोर, शेजारच्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि तिच्या आईला ती आठवली नव्हती. हे औषध होतं तर. पोटच्या मुलीला विसरायचं औषध. आणि चिठ्ठीशिवाय, फुकट, जन्मभर पुरेल एवढं.

त्या दिवसापासून त्यांचा नवऱ्यावरचा राग थोडा वळला. त्यांच्या माहेरी एक काका मोहाची दारू प्यायचा. घरचे म्हणायचे, माणूस सोन्यासारखा आहे, बाटलीनं घात केला. सुलोचनाबाईंनीही आता तसंच मनाशी घेतलं. माणूस वाईट नाही, खेळानं याला खाल्लं. खेळ सुटला की बोलेल. बाप आहे, दगड नाही. असं म्हणून त्या मोबाईलला शिव्या देऊ लागल्या, आणि नवऱ्याला वाढताना त्यांचा हात पूर्वीइतका आपटेनासा झाला.

बैठक ठरवली ती हेमराजभाऊंनी. ते मोतीलालजींचे चुलतभाऊ. समाजात कोणाचं मोडलं, फाटलं की ते सांधायला पुढे असत, आणि सांधलेलं पुन्हा फाटलं की तिकडे फिरकत नसत. त्यांनी निरोप दिला की रविवारी सकाळी हिंगणघाटची मंडळी येताहेत. बैठकीची रीत सगळ्यांना माहीत होती. लग्न जुळवताना जशी सुपारी फोडतात, तशीच भांडण मिटवतानाही फोडायची. बोलणं झालं की कातरलेल्या सुपारीचं ताट मुलीच्या बापापुढे धरायचं. बापाला पाठवायची नसेल तर तो ताट परत सारतो. पाठवायची असेल तर सुपारी उचलून तोंडात टाकतो. तोंडात टाकली की शब्द पडला, मग ब्रह्मदेव आला तरी फिरवायचा नाही. कागद नाही, सही नाही, वकील नाही. सुपारीचं एक खांड.

शनिवारी संध्याकाळी सुलोचनाबाई नवऱ्यासमोर जाऊन बसल्या. मोबाईलवर त्यांनी सरळ हात ठेवला.

"उद्या हे बंद ठेवजा," त्या म्हणाल्या. "सकाळभर. तुमाले फक्त ताट सरकवाचं हाये. बोलाचंबी नाई पडत. हात लावाचा अन् सरकवाचं. रोज एवढे फळं सरकवता ना?"

"हव," मोतीलालजी म्हणाले.

"पोरीची शपथ?"

"हव म्हटलं ना."

दारात प्रेरणा उभी होती. तिनं ते ऐकलं आणि कित्येक दिवसांनी आईच्या हातची पोळी मागून घेतली. सुलोचनाबाईंना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की झोपताना त्यांनी नवऱ्याच्या अंगावर चादर घातली.

रविवारी मंडळी आली. गोवर्धनजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बरोबर नितेश, आणि समाजाचे दोन वयस्क, ज्यांचं काम चहा पिणं आणि 'बरोबर आहे' म्हणणं एवढंच होतं. थोरला दीर आला नव्हता. त्याला दुकान होतं. मारणाऱ्याला वेळ नव्हता आणि मार खाणारीला बोलायची परवानगी नव्हती, तेव्हा बैठक अगदी शांततेत सुरू झाली. बायकांची जागा स्वयंपाकघराच्या दाराआड. तिथून सुलोचनाबाईंना समोरचं सगळं दिसत होतं, आणि जे दिसलं त्यानं त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मोतीलालजी दिवाणाच्या कोपऱ्यात बसले होते. मान खाली, मांडीवर दोन्ही हातांच्या ओंजळीत मोबाईल, आणि बोट फिरत होतं.

"पोरगी आमची लक्ष्मी हाये," गोवर्धनजी बोलत होते. "घरात भांड्याले भांडं लागतेच ना जी. थोरल्याचा हात उठला, आमी त्याले बोललो. आता झालं गेलं. तिच्याबिगर घर सुनं सुनं वाटते."

"बरोबर हाये," एक वयस्क म्हणाला.

"अन् पुढच्या महिन्यात तपासणीवाले साहेब येऊन राह्यले. ते विचारतीन ना, परवाना जिच्या नावाचा हाये ते बाई कुठी हाये? दुकान बंद पडन ना जी."

दाराआड प्रेरणानं आईचा दंड घट्ट धरला. म्हणजे सुनं वाटत होतं ते घर नव्हतंच. नितेश खिडकीबाहेर पाहत होता. त्याला बायको परत हवी की नको, हे त्याला कोणी अजून सांगितलं नसावं.

"मोतीलाल," हेमराजभाऊ म्हणाले, "तुले काई म्हणाचं हाये काय?"

बोट फिरत होतं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मोतीलालजींनी मान हलवली नाही, वर पाहिलं नाही. चार माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती आणि ते मांडीकडे.

"ठीक हाये. आपला मोतीलाल पयलेपासून कमी बोलते," हेमराजभाऊ हसून म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे केलं. पितळी ताट, मधे कुंकवाचं बोट, कडेला कातरलेली सुपारी.

सरकव, सुलोचनाबाई मनात म्हणाल्या. सरकव रे बाप्पा, एकदा. प्रेरणाची नखं त्यांच्या दंडात रुतली होती.

मोतीलालजींच्या उजव्या हाताचं बोट थांबलं. डोळे मांडीवरच ठेवून त्यांनी हात लांब केला, ताटात चाचपला, एक खांड उचललं आणि तोंडात टाकलं. हात परत मांडीवर गेला. बोट पुन्हा फिरू लागलं.

"झालं!" हेमराजभाऊंनी टाळी वाजवली. "शब्द पडला. पोरीची बॅग भरा."

सुलोचनाबाई बाहेर आल्या. त्या घरात बैठकीच्या वेळी बाईनं उंबरा ओलांडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. वयस्कांपैकी एकाच्या हातातला कप बशीवर वाजला.

"वहिनी, तुमी आत जाजा," हेमराजभाऊ म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. त्या सरळ नवऱ्यापुढे गेल्या. "शुद्धीवर नाई हा माणूस," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "याच्या हातानं सुपारी उचलली, याच्या डोक्यानं नाई. हा खेळून राह्यला. फळं फोडून राह्यला. याले मालूमबी नाई यानं काय तोंडात टाकलं! असा शब्द आमी नाई मानत." आणि त्यांनी मोबाईल ओढून घेतला, सगळ्यांना दाखवायला. हे पाहा, ही जांभळं पाहा, यांनी माझ्या नवऱ्याला खाल्लं.

काच काळी होती.

त्यांनी बाजूचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच उमटलं नाही. काळ्या काचेत त्यांचा स्वतःचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि बोटांचे तेलकट ओरखडे. डावीकडून उजवीकडे, वरून खाली.

प्रेरणा मागे येऊन उभी राहिली होती. तिनं आईच्या हातातून मोबाईल घेतला, पाहिला आणि परत दिला. "बंद हाये, आई," ती म्हणाली. "चार्जिंगच नाई त्यात."

सुलोचनाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. महिनाभर त्या एका यंत्राला शिव्या देत होत्या. बिचारं यंत्र. त्यानं काही केलं नव्हतं. माणसानं जिथे तोंड लपवायचं ठरवलं तिथे ते फक्त उघडं होतं, आणि आता बंद होतं तरी माणसाचं भागत होतं. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. लक्ष्मी ऐकली होती, परवाना ऐकला होता, तपासणीवाले साहेब ऐकले होते. ताट आलेलं पाहिलं होतं आणि खांड निवडून उचललं होतं.

"काढा ते तोंडातून," त्या म्हणाल्या.

मोतीलालजींनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, लाज नव्हती. कोणीतरी हे लवकर संपवावं एवढीच विनवणी होती. ते बायकोकडे पाहत होते, आणि सगळ्यांना ऐकू आलं, कट्ट. त्यांनी सुपारी फोडली. मग ती चावली. मग गिळली.

सुलोचनाबाईंच्या मनात एवढ्या वर्षांचं जे काही उरलंसुरलं होतं, ते त्या घोटाबरोबर गेलं. त्या गोवर्धनजींकडे वळल्या. त्यांचा आवाज आता अगदी थंड होता.

"व्याहीबुवा, सुपारी कोणं खाल्ली?"

"यायनंच खाल्ली ना जी. सगळ्याईनं पाह्यलं."

"मंग ज्यानं खाल्ली त्यालेच घेऊन जा नांदायले. पोरीनं तर सुपारीले हातबी नाई लावला. हा चांगला हाये तुमच्या कामाचा. बोलत नाई, विचारत नाई. थोरल्याले म्हणा, मारबी. हे मान खाली घालून बसतीन."

नितेश फस्सकन हसला आणि बापानं पाहताच गप्प झाला. हेमराजभाऊ उठून उभे राहिले. "वहिनी, समाजात तोंड दाखवाचं हाये आपल्याले!"

"तुमी दाखवा. तुमाले एक तरी हाये. आमच्या घरी तर तेबी नाई."

"रीत हाये ही! बाप जिवंत असताना..."

"कोण जिवंत हाये, ते तर दाखवा आधी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मग प्रेरणा सासऱ्यांकडे वळून बोलली. ती ओरडली नाही. औषध कसं घ्यायचं ते सांगावं तशी बोलली. "बाबूजी, मी उद्या वर्ध्याच्या औषध हापिसात जाऊन राह्यली. परवान्यावरचं मायं नाव काढाचा अर्ज देतो. अन् ते बाटली मी सांभाळून ठेवली हाये. ते बी दाखवतो. भिंतीवरचं सर्टिफिकेट तुमी आजच उतरवून ठेवजा, नाईतर साहेब आल्यावर तुमालेच जड जाईन."

गोवर्धनजींचा चेहरा त्यांच्या कपड्यांसारखा झाला. लक्ष्मी, सुनं सुनं घर, सगळं एका वाक्यात गळून पडलं आणि आत दुकान तेवढं उरलं. ते उठले. चपला घालताना त्यांना आपल्या कुठल्या ते कळेना. वयस्कांनी जाताजाता सवयीनं "बरोबर हाये" म्हटलं, कोणाला म्हटलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हेमराजभाऊ ताट तिथेच विसरून गाडीत बसले.

गाडी गेली. प्रेरणा आपल्या खोलीत जाऊन कपाटातले कागद काढू लागली. ते कपाट उघडल्याचा आवाज सुलोचनाबाईंना स्वयंपाकघरात ऐकू आला, आणि त्यांना रडू फुटलं. सुटकेचं होतं, रागाचंही होतं, आणि एका माणसाची इतकी वर्षं बाजू घेतल्याचंही होतं. पदरानं डोळे पुसून त्यांनी कणीक भिजवायला घेतली.

थोड्या वेळानं दारात सावली पडली. मोतीलालजी उभे होते. त्यांनी घसा खाकरला. काहीतरी म्हणायचं असावं. सुलोचनाबाईंचे हात परातीत थांबले. अजूनही, एवढं होऊनही, त्या थांबल्या.

"चार्जर कुठी हाये?" मोतीलालजींनी विचारलं.

सुलोचनाबाईंनी मान वर केली नाही. त्या पुन्हा कणीक मळू लागल्या.

"कायले पायजे?" त्या म्हणाल्या. "तुमाले तर बंद मोबाईलवरबी खेळता येते."

मोतीलालजी बाहेर जाऊन दिवाणाच्या त्याच कोपऱ्यात बसले. सुलोचनाबाईंनी त्या दुपारी दोनच ताटं वाढली.